भरतेशनं तिखट सोडलं, त्याची खरी हकिगत

ती. सौ. त्रिशलाआक्का हिला धाकट्या सुकुमारचा जयजिनेंद्र आणि वाकून नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी भिंतीला टेकली असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, इकडं सगळे धडधाकट आहेत. आई तर आपल्या सगळ्यांना पुरून उरेल अशी आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? मागं पाठवलेलं तेल लावतेस, का बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडं नुसती बघत बसतेस? भूपालदाजींच्या दुकानातल्या घेवड्याला यंदा कोरेगावच्या बाजारात उठाव चांगला आहे असं तिसऱ्याच माणसाकडून कळलं (दाजी स्वतःच्या तोंडानं काही सांगतील ही आशा मी तुमच्या लग्नातच सोडली आहे). आता तू म्हणशील, हातात मोबाइल असताना ह्याला पत्र लिहायची हुक्की का आली. आक्का, फोनवर तू मला बोलू देतेस का? मी हॅलो म्हणायच्या आत तू ‘काय झालं रं’ म्हणून सुरू होतेस, आणि काही झालं नाही म्हटलं की नक्कीच काहीतरी झालंय म्हणून रडायला लागतेस. शिवाय आमच्या घरात फोनवर बोललेलं गच्चीपर्यंत ऐकू जातं आणि गच्चीवर तुझा लेक अभ्यासाला बसतो. पत्राचं बरं असतं. वाचणारा मध्ये बोलला तरी लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही.

तर मुद्दा असा. चातुर्मास लागला तेव्हा मी तुला फोन करून, जरा छाती फुगवूनच, सांगितलं होतं की आपल्या भरतेशनं तिखट सोडलं. ती बातमी मला परत घ्यायची आहे. ती तू कोरेगावात कुठंकुठं पोचवलीस ते मला ठाऊक आहे, कारण तुझ्या मैत्रिणींनी मलाच फोन करून ‘मामाच्या घरचे संस्कार’ म्हणून माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं (नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात त्यांनी फोन ठेवला). आता त्या बातमीचं मूळ ऐक, आणि ऐकताना एका जागी बसून राहा.

पोरगं माझ्या घरी राहून सांगलीच्या कॉलेजात शिकतंय, राजमती त्याला पोटच्या ब्राह्मीपेक्षा काकणभर जास्तच जपते, हे ब्राह्मी रोज आम्हांला ऐकवते. ह्या उन्हाळ्यापासून त्यानं ठेच्याला हात लावणं बंद केलं. आधी ठेचा, मग लोणचं, मग आमटीसुद्धा पाणी घालून सपक करून. राजमतीनं विचारलं तर म्हणाला, ‘नको वाटतंय, मामी.’ दुसऱ्या एखाद्या घरात लोकांनी पोराच्या तोंडात बॅटरी मारून बघितलं असतं. आपलं घर पडलं जैनाचं, आणि त्यात चातुर्मास तोंडावर आलेला. आपल्याकडं कुणी ताटातलं काही बाजूला सारलं की पहिला संशय धर्माचा येतो. कुणी तूप सोडतं, कुणी साखर सोडतं, आपल्या थोरल्या काकांनी तर कारलं सोडलं होतं (त्यांना ते जन्मात कधी आवडलं नव्हतं, पण त्याग तो त्याग). आई म्हणाली, ‘पोरानं रस सोडला आनि बोलून बी दाखवंना. खरा त्याग आसाच आसतोय.’ तेवढ्या एका वाक्यावर आम्ही सगळे निघालो.

त्यानंतर पोरगं जे करील ते आम्हांला त्यागच दिसायला लागलं. लाडू अख्खा तोंडात न घालता कुस्करून चिमटीचिमटीनं खायचा. आम्ही म्हटलं, जिभेवर काय ताबा आहे. बोलणं कमी झालं. आम्ही म्हटलं, मौन पाळतोय. जेवण झालं की उठून एकटा गच्चीवर जायचा, तेव्हा आई खालून आम्हांला दटावायची, ‘हळू बोला, पोरगं ध्यान लावून सामायिकाला बसलंय.’ स्वतःचे शर्ट स्वतः धुवायला लागला, तेही मोरीचं दार लावून, तर राजमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. खिशात कायम लवंगा. त्या कशाला, तर म्हणे घशाला. आम्ही समजलो, स्तोत्र म्हणायला आवाज मोकळा राहावा म्हणून. आक्का, एवढ्या खुणा एखाद्या हवालदाराला मिळाल्या असत्या तर त्यानं घरबसल्या गुन्हा शोधला असता. आम्ही त्याची आरती करायची तेवढी शिल्लक ठेवली होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक, पण मला गप्प बसवत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मी बस्तीत दर्शनाला गेलो की कुणाला ना कुणाला सांगायचो. बस्तीतून ते युवक मंडळाकडं गेलं. मंडळानं गावच्या शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवला आणि मुलांना शपथ द्यायला ‘आदर्श युवक’ म्हणून कुणाला बोलावलं असेल ते तूच ओळख. शाल, नारळ आणि फोटो. तो नको नको म्हणत होता. मला वाटलं पोराचा विनय आहे, म्हणून पाठीला हात लावून मीच त्याला स्टेजवर चढवला. ‘आम्ही गुटखा, मावा, तंबाखू, सिगारेट, दारू यांपासून दूर राहू’ हे त्यानं इतक्या बारीक तोंडानं वाचलं की मागच्या रांगेतल्या पोरांनी शपथ अंदाजानंच घेतली. हेडमास्तर म्हणाले, किती सौम्य वाणी आहे. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. तो स्टेजवरून माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता ती मला आता उठता-बसता आठवते.

आता महाराजांचं. यंदा आपल्या बस्तीत महाराजांचा चातुर्मास आहे आणि आम्ही चौका लावला हे तुला माहीतच आहे. चौक्याचे नियम तुला मी काय सांगणार, पण शेजारच्या नाथाजीला ते समजावून देताना माझा घाम निघाला (मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेला माणूस, त्याला काहीही सांगायचं तर आधी नकाशा काढावा लागतो). मी त्याला म्हटलं, हे बघ, आमचे मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. त्यांच्यासाठी घरात सोवळ्यानं स्वयंपाक मांडायचा, तो चौका. बस्तीतून निघताना मनाशी एक अट धरतात, तिला विधी म्हणायचं. अमुक वस्तू हातात घेतलेला माणूस दिसला, नाहीतर दारात अमुक दिसलं, तरच त्या घरी थांबायचं. अट काय ते कुणालाच सांगत नाहीत. आम्ही सोवळ्याचं धोतर नेसून दारात उभं राहायचं आणि ‘नमोस्तु स्वामी, अत्र तिष्ठ तिष्ठ’ म्हणायचं. जुळलं तर थांबतात. कुठंच जुळलं नाही तर तसेच परत जातात आणि त्या दिवशी उपवास. नाथाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘म्हंजे पासवर्ड रोज बदलतोय आनि सांगत कुनालाच न्हाईत. लय कडक सिक्युरिटी हाय गड्या.’

पहिल्या दिवशी आम्ही कलश घेऊन उभे राहिलो. महाराजांनी बघितलं आणि पुढं गेले. मग कलशावर नारळ ठेवून बघितला, तरी पुढं गेले. तेव्हा नाथाजीनं मोहीम आपल्या हातात घेतली. तो सायकल घेऊन गल्लीच्या टोकाला थांबायचा आणि महाराज ज्यांच्याकडं थांबले त्यांच्या हातात काय होतं ते येऊन रिपोर्ट करायचा. आदल्या दिवशी एकाच्या हातात डाळिंब होतं म्हणून आम्ही डाळिंब घेऊन उभे, तर महाराज थांबले ऊस घेतलेल्याकडं. ऊस आणावा तर केळीच्या फणीकडं. शेवटी एके दिवशी मी एका हातात कलश आणि बगलेत ऊस, राजमतीकडं डाळिंब, ब्राह्मीकडं केळी, भरतेशकडं हळकुंडांचं तबक, आणि आईला धरायला काही उरलं नाही म्हणून तिच्याकडं जपमाळ, असे ओळीनं उभे होतो. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं हळकुंडं काय भावानं दिली म्हणून विचारलं. महाराज त्याही दिवशी पुढं गेले.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. त्याच सुमाराला महाराजांनी दुपारच्या प्रवचनात व्यसनांवर सांगितलं. शास्त्रातली सात व्यसनं, म्हणजे जुगार, मांस, मद्य, शिकार, चोरी, आणि ती दोन ज्यांची नावं निघाली की बायका पदर सावरतात आणि पुरुष पंख्याकडं बघतात. शिवाय ह्या सातांच्या जोडीला आजकालच्या पोरांचा मावा, गुटखा आणि ते पेनासारखं ओढायचं यंत्र. म्हणाले, ज्या घरात हे शिरलं त्या घरातलं अन्न शुद्ध कसं म्हणायचं? सगळ्या मंडपानं माना डोलावल्या आणि मग सगळा मंडप हळूच आमच्याकडं बघायला लागला. आम्ही चपला शोधून पटकन घर गाठलं.

दिवेलागणीच्या आधी जेवणं उरकली आणि एकेकाचा बांध फुटला. राजमती म्हणाली, ती पूजेला रोज नाथाजीच्या कुंपणातला मोगरा न विचारता तोडत होती, ही चोरीच झाली. (सकाळी जाऊन त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘वैनी, झाडच उपटून न्या, मला पाला झाडायचा ताप हाय.’) ब्राह्मीनं मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक खाल्ला होता आणि त्यात अंडं आहे का हे मुद्दामच विचारलं नव्हतं. माझं म्हणशील तर मी कीटकनाशकं विकतो. पाटीवर ‘कृषी सेवा केंद्र’ लिहिलं म्हणून अळी मरायची राहते थोडीच? ही शिकारच की, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि पुढं बरेच दिवस मी फवारणीचं औषध मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला निंबोळी अर्काचे फायदे सांगत होतो. गिऱ्हाईक शांतपणे ऐकून शेजारच्या दुकानात जायचं. आई सगळ्यांच्या शेवटी बोलली. तिच्या कनवटीला मिश्रीची डबी असते हे आपण जन्मापासून बघतोय, पण त्याला व्यसन म्हणतात हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही, ते तिचं दात घासणं. म्हणाली, ‘सातात मिश्री कुठं हाय? पर लेका, भाजल्याली तंबाखूच ती.’ आणि डबी माझ्या हातात दिली. (दुसरी तांदळाच्या पिंपात होती. ते पुढं येईल.) एवढ्या सगळ्यात भरतेश एकटा भिंतीला टेकून बसला होता, तो काही बोलला नाही. आम्ही म्हटलं, त्याच्याकडं सांगण्यासारखं काय असणार.

मग तो दिवस आला. महाराज आमच्या दारावरून पुढं गेले, पुढच्या दारावरूनही पुढं गेले, सगळी गल्ली झाली, मागची आळी झाली, आणि कुठंच विधी जुळला नाही. भर उन्हात ते तसेच बस्तीकडं वळले. पाण्याचा थेंबसुद्धा नाही, कारण पाणीही त्या एकाच वेळी. लोक नुसते हात जोडून उभे होते. मी वळून बघतो तर आमच्या रांगेत भरतेश नाही. शोधत गेलो तर मागच्या गोठ्यात. सोवळ्याच्या पांढऱ्या धोतरात गाईजवळ मातीत बसून पोरगं हुंदके देत होतं, आणि रडतानासुद्धा तोंड पुरतं उघडत नव्हतं, आक्का, ते मला बघवलं नाही. मला म्हणाला, ‘मामा, माज्यामुळं म्हाराज उपाशी गेले. मी मावा खातोय, लय दिवस झालं. मला दारात उभं करू नका.’ आणि गव्हाणीच्या फटीतून प्लॅस्टिकची पुडी काढून त्यानं माझ्या हातात ठेवली.

तू असतीस तर आधी एक ठेवून दिली असतीस आणि मग जवळ घेतलं असतंस. मला दोन्ही सुचलं नाही. पुडी हातात धरून मी काय विचारलं असेल? विचारलं, ‘मग ते तिखट?’ तो म्हणाला, ‘तोंड भाजतंय, मामा. आतनं सोलल्यागत झालंय.’ म्हणजे आमच्याच पंगतीला बसून पोरगं रोज कळ सोसत होतं आणि आम्ही त्याला वाढताना धन्य धन्य म्हणत होतो. कॉलेजच्या रस्त्याला टपरी आहे. तिथं सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात चोळून देतात. बरोबरची पोरं पेपर अवघड गेला म्हणून खातात आणि सोपा गेला म्हणूनही खातात, त्यांच्याबरोबर हाही. पुढं मावा नसला की ह्याचं डोकं दुखायला लागलं आणि अभ्यासात लक्ष लागेना. मी म्हटलं, अरे, मग सांगायचं तरी. तर डोळे पुसत म्हणाला, ‘सांगायचं ठरवलं की तुमी शाल घिऊन यायचा.’ 

दुपारी त्याला घेऊन बस्तीत गेलो. त्यानं महाराजांसमोर बसून सगळं सांगितलं, शाळेतल्या शपथेसकट. महाराजांनी ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, ‘बाळ, तुझ्यामुळे उपवास घडला नाही. आज मनात धरलं होतं, दारात वासराला पाजणारी गाय दिसली तर थांबायचं.’ आता ऐक. आमची गाय व्यालेली आहे. महाराज येणार, तर अंगण स्वच्छ दिसावं, म्हणून मी स्वतः तिला वासरासकट रोज मागच्या गोठ्यात नेऊन बांधत होतो. सगळ्या गल्लीनं आपापल्या गाईंचं तेच केलं होतं. भरतेश रडत बसला होता तेव्हा वासरू त्याच्या शेजारीच लुचत होतं. दारात गाय-वासरू होतं ते एकट्या नाथाजीच्या, आणि तिथं चौका नव्हता. हे कळल्यापासून नाथाजी गाईला पेंड जास्त घालतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, ‘आमचीच शिलेक्ट झाल्ती.’

मला वाटलं, आता महाराज पोराला जन्मभराचा त्याग देणार. मी मनातल्या मनात तुला फोनसुद्धा लावला. महाराज एवढंच म्हणाले, ‘उद्या सकाळी मला भेटशील तोपर्यंत खायचं नाही. उद्याचं उद्या बघू.’ दुसऱ्या दिवशी परत तेवढंच, आणि तिसऱ्या दिवशीही. मला हे फार किरकोळ वाटलं होतं, पण भरतेश म्हणाला, जन्मभराचा नियम दिला असता तर मी वाटेतच मोडला असता. मध्ये एकदा मोडलाही. मित्राच्या गाडीवरून मिरजेला गेला आणि खाऊन आला. सकाळी बस्तीत जायला त्याचा पाय उचलेना. मी ओरडायच्या तयारीत होतो, राजमतीनं माझा हात दाबला, आणि थोड्या वेळानं तो आपणहून गेला. महाराजांनी पुन्हा उद्यापर्यंतचाच नियम दिला. तेव्हापासून टिकलाय. मी रोज सकाळी तो परत यायच्या वेळी उगाचच अंगण झाडत असतो.

आता दवाखान्याचं. रडायचं असेल तर इथं रड, पण पुढचं पूर्ण वाच. सांगलीत दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेला. त्यांनी त्याला स्वतःचीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. चांगल्या माणसाची जातात. ह्याची दोन गेली, तिसऱ्याला जागा नव्हती. बाई म्हणाल्या, सुपारी आणि तंबाखूनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तोंड मिटत जातं, आणि असंच चालू राहिलं तर पुढं कॅन्सरची भीती. आज कॅन्सर नाही. हे शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं, ते मीही परत लिहितो, आज कॅन्सर नाही. मावा आणि सुपारी कायमची बंद, औषध, तोंडाचे व्यायाम, आणि त्या बोलावतील तेव्हा तपासणी. तोंड अगदी पहिल्यासारखं उघडेल असं त्यांनी कबूल केलं नाही, पण आत्ता आणलंत हे बरं केलंत म्हणाल्या. व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू वाढवत न्यायच्या. काड्या नुसत्याही विकत मिळतात, पण त्या आइस्क्रीम खाऊन जमवायची जबाबदारी ब्राह्मीनं आपणहून अंगावर घेतली आहे (भावासाठी बहिणीनं एवढं करायला पाहिजे, असं तिचं म्हणणं). घरी आल्यावर सगळ्यांनी बोटं घालून बघितली. माझी गेली, नाथाजीची चार गेली, आणि ते तो गल्लीभर सांगत सुटला.

 दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून दुसरी डबी काढली आणि उकिरड्यावर उपडी केली. म्हणाली, ‘म्या डबी लपवायची आनि पोराला सोड म्हनायचं, हे बरं दिसत न्हाई.’ पहिले काही दिवस ती एवढी चिडली होती की मांजर दुसऱ्याच्या घरी राहायला गेलं. आता आजी-नातू सकाळी मोरीवर शेजारी बसून चुळा भरतात आणि एकमेकांचं तोंड उघडून बघतात. आईला दिसत काही नाही, पण ती तपासून पास करते. कॉलेजला जाताना त्याला टपरी टाळायला लांबचा रस्ता पडतो, तरी त्यानंच जातो. राजमतीनं घरातलं सगळ्यांचंच तिखट कमी केलंय, त्यामुळं मी दुकानात गुपचूप शेजाऱ्याच्या डब्यातला ठेचा खातो.

महाराज आमच्याकडं थांबले का, तर अजून नाहीत. आम्ही रोज उभे राहतो. भरतेश चौक्यासाठी विहिरीचं पाणी काढून देतो, पण रांगेत येत नाही. म्हणतो, अजून थोडे दिवस जाऊ देत. शाळेत परत जाऊन मुलांना खरं काय ते सांगायचं त्याच्या मनात आहे. हेडमास्तरांची अडचण अशी की आदर्श युवकाचा फोटो त्यांनी फ्रेम करून ऑफिसात लावलाय. मी म्हटलं, फोटो राहू द्या, पोरगं तेच आहे. विचार करून सांगतो म्हणालेत.

आक्का, तुझ्या लेकाला मी सांभाळीन म्हणून आणला आणि त्याच्या तोंडाकडं न बघता त्याचं कौतुक करत बसलो. पण पोरगं चांगलं आहे. दुसरा माणूस आपल्यामुळं उपाशी राहिला एवढ्यावरून रडणारं पोरगं वाईट कसं असेल? तू त्याला रागावू नकोस. मला रागव, फोन करून रागव, मी मध्ये बोलणार नाही. दाजींना नमस्कार. गुडघ्यांना तेल.

तुझा,
सुकुमार

ता. क. कोरेगावच्या मैत्रिणींना काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यावर सोपवू नकोस, त्याही तुझ्यासारख्याच मला बोलू देत नाहीत.

ता. क. २. भरतेश दिवाळीला तिकडं येईल तेव्हा चकलीत तिखट घालू नकोस आणि चिवड्यातल्या मिरच्या काढ. लाडू मऊ वळ. हे पत्र त्यानं वाचलंय. मांजराचं वाचून हसला, आणि खरं सांगतो, हसताना तोंड आता जरा जास्त उघडतं.

ता. क. ३. वरचे सगळे कागद मी ह्या ओळी लिहायला धीर यावा म्हणून भरले. हे दाजींना तू स्वतः, दुकान बंद केल्यावर, शांतपणे वाचून दाखव. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं होतं, तंबाखूची चव पहिल्यांदा कधी कळली. मला वाटलं, टपरी सांगेल. तो म्हणाला, आमच्या दुकानात. गिऱ्हाइकाची गर्दी असली की दाजी तळहातावर चुना-तंबाखू घेऊन ‘भरत्या, मळ बघू जरा’ म्हणायचे, हा मळून द्यायचा आणि मग बोटं चाटायचा. तेव्हा शाळेत होता, चौथीत असेल. दाजींचा दोष काढायला मी हे लिहीत नाही. आपल्या अण्णांना आपण दोघांनी मळून दिली आहे, आपल्याकडं ते पोरांचंच काम समजतात. भरतेशचाही बापावर राग नाही. पण सुट्टी लागायला आली तसा तो गप्प व्हायला लागलाय, म्हणून काल विचारलं, घरी जायचं नाही का रे? तर म्हणाला, ‘जायाचं हाय की, मामा. टपरीवरनं मी मान खाली घालून जाईन, मैतरांस्नी बी तोंडावर न्हाई म्हनीन. पर पप्पांनी हात पुढं केला, तर मला न्हाई म्हनता यायचं न्हाई.’